जुनी कॅरॅव्हॅन बाहेरून नीट करायची तर सुरुवात सांध्यांपासून करा

प्रश्न इंदूरचा आहे. थोडक्यात असा: गाडीमागे ओढायची, साधारण १८ वर्षं जुनी कॅरॅव्हॅन (चाकांवरची राहायची खोली) घेतली आहे. लांबी साडेपाच मीटर, बाजू आणि छत ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं, पुढचा आणि मागचा भाग फायबरचा, आतला सांगाडा लाकडी. बरेच दिवस ती आवारात कडुलिंबाखाली उघड्यावर उभी होती. हात फिरवला की पांढरी पूड लागते, खिडक्यांखाली काळे ओघळ आहेत, मागच्या डाव्या कोपऱ्यात आतली प्लाय दाबली की मऊ लागते. आधीच्या मालकाने सांध्यांवर सिलिकॉन आणि इपॉक्सी पुट्टी फासून ठेवली आहे. चार दिवसांत रंग मारून नवी करून देणारा पेंटर मिळाला आहे, त्याला द्यावी का?

आत्ता देऊ नका. पूड आणि ओघळ दिसायला वाईट असले तरी त्यांना घाई नाही. घाई आहे ती मऊ कोपऱ्याची. तिथे पाणी शिरतंय, लाकूड भिजलेलं आहे आणि वरून रंग मारला तर ते आतल्या आत कुजत राहील. पुढच्या पावसाळ्यानंतर नेमक्या त्याच जागी रंगाला फुगे येतील आणि रंगाचे पैसे पाण्यात जातील. म्हणून आधी पाण्याची वाट शोधायची, लाकूड सुकवायचं, सांधे उघडून नव्याने बसवायचे, आणि पॉलिश किंवा रंगाचा विचार त्यानंतर.

सांधे का उघडतात हे समजून घेतलं तर पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप कळतात. ॲल्युमिनियम तापलं की पसरतं. साडेपाच मीटरचा पत्रा ५० अंशांच्या फरकाला साडेसहा मिलिमीटरच्या आसपास लांब होतो. इंदूरला जानेवारीच्या पहाटे पारा १० अंशांच्या आसपास असतो आणि मे महिन्याच्या दुपारी उन्हातला पत्रा ६० च्या पुढे जातो, म्हणजे हा फरक दर वर्षी होतोच. खालचं लाकूड उष्णतेने लांबीत जवळपास पसरत नाही. त्यामुळे सांध्यावर रोज थोडी ओढाताण होत असते. इपॉक्सी पुट्टी पाण्याच्या पाइपाला उत्तम, पण ती दगडासारखी कडक होते. पत्रा हलला की तिला केसाएवढी चीर पडते, चीर पाणी ओढून घेते आणि वरची पुट्टी ते पाणी बाहेर पडू देत नाही. सांध्यात जे भराल ते कायम मऊ राहणारंच हवं.

पहिलं काम धुण्याचं. गाडी घाण असताना काहीच नीट दिसत नाही. कार शाम्पू, मऊ ब्रश आणि दोन बादल्या पुरेत. साबण खालून वर लावत जा आणि पाणी वरून खाली सोडा. कोरड्या मळक्या पत्र्यावरून साबणाचं पाणी ओघळलं की त्याचे पट्टे राहतात आणि मग ते घासून काढावे लागतात. प्रेशर वॉशर सांध्यांवर, खिडकीच्या रबरावर आणि फ्रिजच्या जाळीवर अजिबात मारू नका, न गळणाऱ्या सांध्यातही तो पाणी घुसवतो. बोअरिंगचं पाणी वापरत असाल तर धुणं सकाळी ऊन चढायच्या आत उरका आणि मायक्रोफायबरने लगेच पुसा, नाहीतर क्षारांचे पांढरे ठिपके बसतात. नर्मदेच्या नळाचं पाणी मिळत असेल तर ते बरं. टॉयलेट साफ करायचं ॲसिड किंवा कॉस्टिक सोडा यांचा हात पत्र्याला लागू देऊ नका, दोन्ही ॲल्युमिनियम खातात. खिडक्या काचेच्या नसून ॲक्रिलिकच्या असतील (जुन्या युरोपियन बनावटीत बहुतेक असतात) तर त्यांना फक्त साबण-पाणी. स्पिरिट, पेट्रोल, थिनर किंवा अमोनियावाला ग्लास क्लीनर लागला की आतून कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात आणि त्या जात नाहीत.

काळे ओघळ बहुतेक छतावरच्या धुळीचे आणि कुजलेल्या पानांचे असतात. पन्हळीत कडुलिंबाची पानं-निंबोळ्या साचल्या की पाणी नळीतून न जाता भिंतीवरून उतरतं. पन्हळ साफ करा आणि तिच्या टोकांना ४-५ सेंटिमीटर पुढे येणारी प्लास्टिकची नळी बसवा. निम्मे ओघळ तेवढ्यानेच थांबतात.

आता गळती. बागेचा पाइप घ्या, नोझल काढून टाका, पाणी नुसतं वाहू द्या. सर्वात खालच्या सांध्यापासून सुरुवात करा, एका सांध्यावर ५ मिनिटं, आणि आत एक माणूस टॉर्च घेऊन बसवा. तिथे काही नाही दिसलं तर थोडं वर सरका. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्या सांध्यांवरून वाहत येतं आणि नक्की कुठून शिरलं ते कळत नाही. एक लक्षात ठेवा, आत जिथे ओल दिसते तिथेच भोक असतं असं नाही. छताच्या कडेला शिरलेलं पाणी लाकडी पट्टीवरून दीड-दोन मीटर सरकून कोपऱ्यात उतरतं. तुमच्या मागच्या कोपऱ्याचं मूळ मागच्या दिव्यांच्या वर किंवा छताच्या कडेला असण्याची शक्यता जास्त.

ओल मोजायला दोन सुयांचा लाकडाचा मॉइश्चर मीटर घ्या, हा महाग नसतो. सगळ्या कोपऱ्यांत, खिडक्यांखाली आणि कपाटांच्या आत दर ३० सेंटिमीटरवर माप घेऊन गाडीच्या साध्या आकृतीवर लिहून ठेवा. १५ टक्क्यांपर्यंत ठीक. १५ ते २० म्हणजे लक्ष ठेवा, सांधा दुरुस्त करून पुन्हा मोजा. २० च्या वर असेल तर आतली प्लाय उघडावीच लागेल. मीटरसोबत आरी किंवा बारीक स्क्रूड्रायव्हरही टोचून पाहा, कारण कुजून मग कोरडं झालेलं लाकूड मीटरवर चांगलं दिसतं पण टोक आरपार जातं.

मऊ कोपऱ्यात आतली पातळ प्लाय कापून काढा आणि सांगाडा उघडा ठेवा. सुकायला पंखा लावूनही दोन-तीन आठवडे लागतात, हीटर लावून घाई केली तर लाकूड पिळतं. कुजलेली पट्टी चांगल्या लाकडापर्यंत, आणि त्याही पुढे १० सेंटिमीटर कापून टाका. नव्या पट्टीला आणि शेजारच्या जुन्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं द्रावण पाजा, पूर्ण सुकल्यावर कापलेल्या टोकांना पातळ इपॉक्सीचे दोन हात द्या. लाकूड पाणी पितं ते मुख्यतः टोकांतूनच. नवी प्लाय घेताना आयएस ७१० चा छाप बघूनच घ्या. आयएस ३०३ ची प्लाय घरातल्या फर्निचरला चालते, इथे नको. गाडी मातीवर उभी होती तेव्हा जॅकच्या पायांवरून वाळवीचे मातीचे ओघळ वर गेलेत का, तेही याच वेळी बघा.

यानंतर सांधे, आणि खरी मेहनत इथेच आहे. छत आणि बाजू जिथे मिळतात तिथे ॲल्युमिनियमची एक पट्टी असते, हिच्याच खाचेत पुढे मांडवाचं कापड सरकवतात. तिच्या मधोमध स्क्रूंची रांग आणि स्क्रू झाकणारी प्लास्टिकची पट्टी. प्लास्टिकची पट्टी उन्हाने आखडते, टोकांना उघडी पडते, पाणी आत जाऊन लोखंडी स्क्रूंना गंज चढतो. या पट्टीच्या कडेने वरून सीलंट ओढणं म्हणजे फक्त मलमपट्टी. पट्टी काढून तिच्या खाली नवा मसाला घालावा लागतो.

स्क्रू काढताना आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने फिरवा, मग उलटा. गंजलेला स्क्रू त्यामुळे सुटतो. डोकं गोल झालं तर ड्रिलने डोकंच उडवा, पट्टी काढा आणि उरलेला दांडा व्हाइस ग्रिपने धरून फिरवा. आणि काढलेले स्क्रू डब्यात टाकू नका. पट्टीशेजारी मास्किंग टेप लावून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागेच्या क्रमाने टेपवर चिकटवा. सगळे काढून झाले की ती रांग वाचता येते: चकचकीत स्क्रू कोरड्या लाकडातला, तपकिरी झालेला ओल येऊन गेलेल्या जागेचा, आणि काळा पडलेला, अर्धा खाल्लेला स्क्रू जिथून निघाला तिथलं लाकूड भिजलेलं आहे. मीटरच्या आकृतीशी ही रांग ताडून बघितली की पाण्याची वाट समोर दिसते.

पट्टीखालचा जुना मसाला प्लास्टिकच्या स्क्रॅपरने खरवडा, चिकट राहिलं तर मिनरल टर्पेंटाइनने पुसा आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने. पत्र्यावर पांढऱ्या पावडरीखाली सुईएवढी भोकं सापडली तर ॲल्युमिनियमचाच तुकडा पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटवर बसवून ४.८ मिलिमीटरचे बंद टोकाचे रिव्हेट मारा. लोखंडी किंवा पितळी तुकडा नको, दोन वेगळ्या धातूंमध्ये पाणी आलं की ॲल्युमिनियम झिजतं.

मग ब्युटाइल टेप, म्हणजे कायम मऊ राहणारी चिकट रबरी टेप. २० ते २५ मिलिमीटर रुंद, ३ मिलिमीटर जाड, पट्टीच्या पाठीला न ताणता लावा, कागद काढा आणि जुन्याच भोकांत नवे ३०४ स्टेनलेसचे स्क्रू लावा. भोक सैल झालं असेल तर ८ नंबरऐवजी १० नंबरचा. प्रत्येक स्क्रूच्या आट्यांना थोडं सीलंट लावूनच घाला, पाण्याची वाटही बंद होते आणि स्टेनलेस-ॲल्युमिनियमचा थेट संबंधही तुटतो. घट्ट करायला हातातला स्क्रूड्रायव्हर, मशीन नको. ब्युटाइल हळूहळू दबतं. एकदम आवळलं की ते बाहेर पडतं आणि सांधा रिकामा राहतो. दुसऱ्या दिवशी ऊन लागून टेप मऊ झाल्यावर पुन्हा पाव-अर्धा वळसा द्या, बाहेर आलेलं कापा, आणि वरच्या कडेने पीयू किंवा एमएस पॉलिमर सीलंटची ५ मिलिमीटरची रेघ ओढा. शेवटी नवी प्लास्टिक पट्टी: कोमट पाण्यात मऊ करून, ओढून न ताणता बसवा, दोन्ही टोकांना १० सेंटिमीटर जास्त ठेवा आणि आठवड्याने कापा. लगेच कापलेली पट्टी पहिल्याच उन्हाळ्यात आखूड होते. खिडक्या, छताची झडप, दिवे, सामानाच्या कप्प्यांची दारं, सगळ्यांना हीच पद्धत.

तुमच्या मापाच्या गाडीला सगळे सांधे धरून अंदाजे ५० मीटर होतात. १० मीटरच्या टेपची ६ रिळं आणि ३१० मिलिलिटरच्या सीलंटच्या ६ नळ्या घ्या. ५ मिलिमीटरच्या रेघेला एक नळी १२ मीटर पुरते, बाकी नासधूस धरली आहे. सियागंजात टेप घेताना नीट विचारा: गच्चीसाठी मिळणारी डांबरी टेपही त्याच चकाकत्या फॉइलमध्ये येते. ती मे महिन्यात वितळून काळी ओघळते. संशय आला तर कोपऱ्यावर रॉकेलचा बोळा फिरवा, डांबर असेल तर बोळा लगेच तपकिरी-काळा होतो.

सिलिकॉनबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण त्यानेच जास्त कामं बिघडतात. जुन्या सिलिकॉनवर कुठलंही सीलंट चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. रंगही धरत नाही, तिथे माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन वाळताना ॲसिड सोडतं आणि पत्रा खराब करतं. ते आधी प्लास्टिकच्या पात्याने शक्य तेवढं काढा, मग सिलिकॉन रिमूव्हर लावून अर्धा तास थांबा, पुसा, पुन्हा लावा. पॉलिश पेपरने घासू नका, त्याने सिलिकॉन आजूबाजूला पसरतं. निघालं की नाही हे बघायला पाण्याचे थेंब टाका. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर अजून आहे, पसरून ओला थर झाला तर जागा स्वच्छ आहे.

आता पांढरी पूड. ऊन वरच्या थरातलं रेझिन मोडतं आणि मोकळा झालेला रंगद्रव्याचा कण हाताला लागतो. फायबर आणि पत्रा यांना इथे वेगळी वागणूक द्यायची. फायबरचा वरचा जेलकोट साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो, त्याला घासता येतं. आधी कोपऱ्यातला एक फूटभर चौकोन करून बघा: पाण्यासोबत १०००, मग १५००, मग २००० नंबरचा पेपर, त्यावर लोकरी पॅडने रबिंग कंपाउंड, मिनिटाला १२०० ते १५०० फेऱ्यांवर, पॅड सतत हलतं ठेवून, मग फोमच्या पॅडने पॉलिश. काच उतरल्यासारखी चमक आली तर सगळा पुढचा-मागचा भाग तसाच करा आणि वर वॅक्सचे दोन हात द्या. १००० नंबरनंतर खाली तंतूंची जाळी दिसायला लागली तर थांबा, जेलकोट संपलाय, आता रंगाशिवाय गत्यंतर नाही.

पत्र्याचा कारखान्यातला रंग मात्र २०-२५ मायक्रॉनच असतो. त्याला १००० नंबर लावला तर कंगोऱ्यांवर काही मिनिटांत चांदी दिसेल. तिथे फक्त बारीक पॉलिश, हाताने किंवा मऊ फोमने, आणि वॅक्स. हातोडीच्या ठशांसारखी नक्षी असलेल्या पत्र्यावर मशीन फक्त उंचवट्यांना लागतं, म्हणून हाताने मऊ ब्रश वापरा. जुने स्टिकर हेअर ड्रायरने गरम करून काढा. खालचा रंग कमी उडालेला असल्यामुळे त्यांची सावली उरते, पॉलिशने ती कमी होते, पूर्ण जात नाही.

दिव्यांच्या भोवती जेलकोटला केसासारख्या भेगा असतील तर त्या व्ही आकारात उकरून जेलकोट पेस्ट भरा. हार्डनर वजनाच्या १ ते २ टक्के. गरमीत १ च्या जवळ राहा, पण त्याखाली जाऊ नका, मग तो कधीच नीट कडक होत नाही. कोबाल्ट (रेझिन लवकर कडक करणारं द्रव्य) वेगळा येत असेल तर तो आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळा आणि हार्डनर नंतर घाला. ते दोन एकमेकांत थेट ओतले तर स्फोट होऊ शकतो. हार्डनर हाताळताना चष्मा घातलाच पाहिजे, डोळ्याला कायमची इजा होते.

रंग द्यायचाच झाला तर टू-पॅक पीयू (रंग आणि हार्डनर वेगळे येतात, मारताना मिसळायचे). साधा ऑइल पेंट स्वस्त पडतो, पण या उन्हात लवकर पूड सोडतो, आणि नंतर त्यावर पीयू मारला की खालचा थर सुरकुततो. म्हणजे आज वाचवलेले पैसे पुढे सगळा रंग खरवडण्यात जातात. क्रम असा: ३२० नंबरने सगळं मॅट, उघड्या ॲल्युमिनियमला त्याच दिवशी एच प्रायमर (धातूला किंचित चावून पकड घेणारा, एचिंगवाला), त्यावर इपॉक्सी प्रायमर (एच प्रायमरवर तो चालतो का ते डब्यावर बघून), मग पीयूचे दोन हात. खिडक्या-दारं सोडून तुमच्या भिंती अंदाजे २६ चौरस मीटर. रोलरने केलं तर ६ लिटर रंग लागतो, स्प्रेने ९ च्या आसपास, कारण बराच हवेत जातो. पीयूच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसांना घातक आहे आणि एकदा त्याचा त्रास जडला की थोड्या वासानेही दमा उठतो. कापडी किंवा धुळीचा मास्क इथे काही कामाचा नाही. म्हणून स्प्रेचं काम बूथ आणि बाहेरून हवा पुरवणारा मास्क असलेल्या वर्कशॉपलाच द्या. घरी करायचं असेल तर रोलर, मोकळी हवा, ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क आणि हातमोजे.

रंगाला दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचे दिवस उत्तम. डिसेंबर-जानेवारीत पत्र्यावर दव असतं, त्यामुळे सकाळी दहा-अकराच्या आधी सुरू करू नका आणि चारला थांबा. पत्र्याचं तापमान दवबिंदूच्या किमान ३ अंश वर हवं. सीलंटचं काम फेब्रुवारी-मार्चमध्ये. पीयू आणि एमएस सीलंट हवेतल्या ओलाव्यावर वाळतात, एप्रिल-मेच्या कोरड्या लूमध्ये ते फार हळू पिकतात आणि तापलेल्या पत्र्यावर फुगतात. मृग लागायच्या आत पाइपाची चाचणी पुन्हा एकदा करा.

चॅसीला वायर ब्रश, रस्ट कन्व्हर्टर, झिंक फॉस्फेटच्या इपॉक्सी प्रायमरचे दोन हात आणि वर पीयू. गॅल्व्हनाइज्ड चॅसीला साधा ऑइल पेंट थेट लावू नका, पापुद्रे निघतात. ब्रेक केबल, ग्रीस निपल आणि कपलिंगचा गोल खळगा रंगू नका. टायरवर DOT ने सुरू होणाऱ्या ओळीचे शेवटचे चार आकडे बघा: २३१९ म्हणजे २०१९ चा २३वा आठवडा. ६-७ वर्षांपेक्षा जुना टायर नक्षी शाबूत असली तरी बदला. उभ्या गाडीचे टायर झिजून नाही, म्हातारे होऊन फुटतात. कोपऱ्यातले खाली सोडायचे पाय गाडी स्थिर ठेवण्यासाठी असतात, त्यांनी गाडी उचलू नका.

उभी करायची जागाही बदला. कडुलिंबाची सावली चांगली, पण पानं, पक्ष्यांची घाण आणि पाऊस संपल्यावरही तासभर टपकणारं पाणी वाईट. माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यात एक चाक खचलं की सांगाडा पिळतो आणि नवे सांधे उघडतात. चाकांखाली मुरूम दाबून वर पेव्हर किंवा कोटा फरशी टाका आणि पन्हळीच्या नळीकडे किंचित उतार ठेवा. ताडपत्री थेट बांधू नका. आत दमट राहतं आणि वाऱ्याने घासून रंग जातो. पत्र्याची साधी शेड, छतापासून दीड फूट उंच, हे सगळ्यात स्वस्त संरक्षण आहे. वर्षातून दोनदा, दसऱ्यानंतर आणि मार्चमध्ये, धुऊन वॅक्स द्या आणि ओलीची मापं त्याच आकृतीवर लिहा.

रंग पांढराच ठेवा, गडद छत उन्हात जास्त तापतं आणि पत्र्याची हालचाल वाढते. तरी बदलायचा असेल तर आरटीओत आरसीवर नव्या रंगाची नोंद करून घ्या. मागचे लाल आणि बाजूचे रिफ्लेक्टर मास्किंगखाली झाका, त्यांच्यावर रंगाचा शिंतोडाही उडाला तर नवे बसवा.